जुन्या रेसिंग सायकलीची पारख

जुन्या रेसिंग सायकलीपुढे उभे राहिलात की आधी खाली वाका आणि मागच्या चाकाचा एक्सल ज्या खाचेत बसतो ती खाच बघा. तिला ड्रॉपआउट म्हणतात. नाव, रंग, वाकडं हँडल, चकचकीत क्रँक (पायडल लागतात ते दांडे) हे सगळं नंतर. हँडल बदलता येतं, रंग नवा मारता येतो, स्टिकर तर छापूनच मिळतात. ड्रॉपआउट फ्रेम बनवतानाच नळ्यांना झाळलेला असतो, आणि कारखान्याने त्या फ्रेमवर किती हात सैल सोडला होता ते तिथे उघड दिसतं.

स्वस्त फ्रेमचा ड्रॉपआउट म्हणजे जाड पत्र्यातून दाबून कापलेला सपाट तुकडा. जाडी सगळीकडे सारखी, कडा सरळसोट, आणि गिअरचा डिरेलर, म्हणजे चेन एका दातेरी चकतीवरून दुसरीवर सरकवणारा भाग, अडकवायला वेगळा कान बोल्टने आवळलेला. चांगल्या फ्रेमचा ड्रॉपआउट घडीव असतो. एक्सल टेकतो तिथली जागा उंचावलेली, बाकीचा भाग खोलगट, डिरेलरचा कान त्याच तुकड्यातून निघालेला आणि त्यात आटे पाडलेले. खाच लांब आणि आडवी असेल तर तिच्या मागच्या टोकातून दोन बारीक स्क्रू येतात, ते चाक सरळ बसवायला. बहुतेक वेळा त्यावर कंपान्योलो, सनटूर, शिमानो, सिम्प्लेक्स किंवा ह्युरे असं नाव उठवलेलं असतं. पुढच्या चिमट्याची, म्हणजे पुढचं चाक धरणाऱ्या फोर्कची, टोकंही याच नजरेने बघा. मागे घडीव आणि पुढे पत्रा असेल तर कारखान्याने मध्यम दर्जाची सायकल बनवून खर्च वाचवलाय, किंवा चिमटा नंतर कोणीतरी बदललाय.

हा लेख साधारण १९६० ते १९९० या काळातल्या पोलादी रेसिंग सायकलींचा आहे. या सायकली ब्रिटन, फ्रान्स, इटली, जपान आणि अमेरिकेत बनल्या आणि आजही त्यांचा मोठा बाजार तिकडेच आहे. लंडन, आइंडहोवन किंवा न्यू जर्सीत राहणाऱ्या मराठी माणसाला शनिवारी सकाळी कुणाच्या तरी गॅरेजमध्ये अशी सायकल सहज भेटते. पुण्या-मुंबईत हौशी लोक ती तिकडून मागवतात, नाहीतर कुणाच्या तरी सामानातून आणवतात. दोन्हीकडे फसण्याच्या जागा त्याच.

एकच नाव, दोन जातींच्या सायकली

रॅलेचं उदाहरण घेऊ, कारण हे नाव आपल्याकडे घराघरांत माहीत आहे. आसनसोलच्या सेन-रॅलेची काळी सायकल आजोबांनी वापरलेली असते, त्यामुळे परदेशात रॅलेचा बिल्ला दिसला की मन विरघळतं आणि माणूस पैसे जास्त मोजतो. पण हाच बिल्ला दोन अगदी वेगळ्या जातींच्या सायकलींवर आहे. १९७४ पासून इल्केस्टन इथल्या रॅलेच्या खास विभागात मोजक्या फ्रेम हाताने बनत. टीआय-रॅले संघाचे शर्यतवीर त्यांवर धावले; १९८० ची टूर द फ्रान्स योप झूटेमेल्कने याच संघाकडून जिंकली. त्या विभागाच्या फ्रेमचा नंबर ‘एसबी’ अक्षरांनी सुरू होतो आणि त्यांना आज चांगला भाव आहे. दुसरीकडे नॉटिंगहॅमच्या मोठ्या कारखान्यातून दहा गिअरच्या साध्या सायकली ढिगाने बाहेर पडल्या: जाड नळ्या, कॉटर पिनवाले क्रँक, पोलादी रिम. दिसायला दोन्ही रेसिंगच, वाकडं हँडल दोन्हींना.

अमेरिकेतही तीच गत. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला तिथे सायकलीचं वेड पसरलं आणि १९७३ मध्ये एका वर्षात दीड कोटीच्या आसपास सायकली खपल्या. त्यातल्या बहुसंख्य मामुली होत्या. श्विन व्हार्सिटी या लोकप्रिय सायकलीचं वजन सतरा किलोच्या घरात जातं; त्याच श्विनची पॅरामाउंट मात्र उत्तम नळ्यांची, हाताने जोडलेली. त्यामुळे ‘पन्नास वर्षं जुनी आहे हो’ या वाक्याला भावात काही स्थान नाही.

नळी कशाची, हे कसं ओळखायचं

रेसिंग फ्रेमची नळी चांगली म्हणजे पातळ आणि मजबूत. बर्मिंगहॅमच्या रेनॉल्ड्सने १८९७ मध्ये अशा नळीचं पेटंट घेतलं जी टोकांना जाड आणि मध्ये पातळ असते. झाळताना उष्णता आणि चालवताना ताण टोकांवर येतो, तिथे धातू हवा. मधल्या भागात तो नुसतं वजन. १९३५ मध्ये याच कंपनीने ५३१ हे मँगनीज-मॉलिब्डेनमचं पोलाद आणलं आणि पुढची चार-पाच दशकं चांगल्या फ्रेमची ती खूणच होऊन बसली. इटलीत कोलंबसच्या एसएल नळ्या होत्या, टोकांना ०.९ मिमी आणि मध्ये ०.६, जड माणसासाठी एसपी, १.० आणि ०.७. जपानमध्ये टांगे आणि इशिवाता.

नळ्यांचं स्टिकर सीटच्या नळीवर असतं आणि ते शेवटच्या शब्दापर्यंत वाचायला हवं. रेनॉल्ड्सच्या एका स्टिकरवर ‘बटेड ट्यूब्स, फोर्क्स अँड स्टेज’ लिहिलेलं असतं, म्हणजे सगळी फ्रेम ५३१ ची आणि मुख्य नळ्या मध्ये पातळ केलेल्या. दुसऱ्यावर फक्त तीन मुख्य नळ्यांचा उल्लेख असतो आणि त्याही एकसारख्या जाडीच्या, म्हणजे मागचे दांडे आणि चिमटा साध्या पोलादाचे. या दोन फ्रेमच्या भावात दुपटीचाही फरक पडू शकतो, आणि विकणारा दोन्हींना ‘५३१ आहे’ एवढंच म्हणतो. ‘हाय-टेन’ किंवा ‘हाय-टेन्साइल’ लिहिलं असेल तर ते साधं पोलाद समजा.

स्टिकर नसेल किंवा त्यावर विश्वास नसेल तर सीट पिलर, म्हणजे सीटखालची दांडी, बाहेर काढा. त्यावर व्यास कोरलेला असतो. नसेल तर व्हर्निअरने मोजा. हिशोब सरळ आहे. इंग्लिश आणि इटालियन मापाच्या सीटच्या नळीचा बाहेरचा व्यास २८.६ मिमी. नळीची भिंत ०.७ मिमी असेल तर आत २७.२ उरतात. पिलर २७.२ चा निघाला तर नळी पातळ आहे, आनंद माना. २६.८ ठीक. २५.८ किंवा त्याहून बारीक पिलर म्हणजे भिंत दीड मिमीच्या आसपास, म्हणजे जड फ्रेम. अपवाद फ्रेंच सायकलींचा: त्यांची नळी २८.० मिमीची असते, त्यामुळे प्यूजो पीएक्स-१० सारख्या पूर्ण ५३१ च्या सायकलीलाही २६.४ चा पिलर लागतो. फ्रेंच फ्रेमला इंग्लिश माप लावून ती नाकारू नका.

वजनावरून अंदाज येतोच. चांगल्या नळ्यांची पूर्ण सायकल दहा-अकरा किलोची, साध्या पोलादाची तेरा-चौदाच्या पुढे. मात्र पोलादी रिम, पोलादी क्रँक आणि कॅरियर लावलेले असतील तर चांगली फ्रेमही काट्यावर जड भरते.

लग, म्हणजे नळ्या एकमेकींना मिळतात तिथली सांध्याची बाही, हीसुद्धा बघा. कडा पातळ घासलेल्या, झाळ सगळीकडे सारखी पोचलेली, कुठे फट किंवा गोळा नाही, असं असेल तर कारागिराने वेळ दिलाय. लगच नसलेली प्रत्येक फ्रेम वाईट नसते, पण त्या काळात लगशिवायची बहुतेक कामं स्वस्तातली होती.

आपटलेली फ्रेम

या टप्प्यावर घाई करू नका. समोरून कशाला तरी धडकलेली फ्रेम दुरून ठणठणीत दिसते. हँडलच्या नळीमागे (हँडल ज्यात उतरतं ती फ्रेमची पुढची उभी नळी) दोन ते पाच सेंटिमीटरवर, वरच्या नळीच्या आणि तिरक्या नळीच्या पोटाखाली बोटं फिरवा. डोळे मिटून फिरवली तर आणखी चांगलं, कारण चकाकीमुळे डोळा फसतो आणि बोट फसत नाही. बारीकशी वळी, फुगवटा किंवा रंगाला आडवी तडा लागली तर नळी तिथे चेपली आहे. मग फ्रेम भिंतीवर टांगायला ठीक, चालवायला नाही. नळी बदलता येते, पण त्या खर्चात बहुतेक वेळा दुसरी धड फ्रेम येते.

नंतर चार पावलं मागे जा आणि सायकल बाजूने बघा. हँडलच्या नळीची रेषा डोळ्याने खाली वाढवली तर चिमट्याचा वरचा सरळ भाग त्याच रेषेत यायला हवा. खाली जाऊन तो पुढे वळतो. सरळ भागच मागे कललेला असेल तर चिमटा वाकलाय. नुसता चिमटा वाकला असेल तर तो बदलता येतो. चिमटा आणि वळ्या दोन्ही सापडल्या तर नमस्कार करून निघा.

मागचा भाग सरळ आहे का, हे दोऱ्याने कळतं. एका बाजूच्या ड्रॉपआउटला दोरा बांधा, हँडलच्या नळीला पुढून वळसा घालून दुसऱ्या बाजूच्या ड्रॉपआउटपर्यंत ताणून आणा. आता दोरा आणि सीटची नळी यांतलं अंतर दोन्हीकडे मोजा. एक-दोन मिलिमीटरचा फरक चालतो. पाचेक मिलिमीटरचा असेल तर मागचा भाग एका बाजूला गेलाय. पोलाद असल्यामुळे जाणकार कारागीर तो सरळ करून देतो, पण ती मजुरी भावातून वजा व्हायला हवी.

मागच्या टायरजवळ चेनस्टे नळीला (क्रँकपासून मागच्या ड्रॉपआउटकडे जाणारी खालची नळी) आतून चेपलेली जागा दिसली तर दचकू नका. टायरला जागा मिळावी म्हणून कारखान्यातच ती तशी केलेली असते, दोन्ही बाजूंना सारखी. सीटच्या लगचे दोन कान, ज्यांतून पिलर आवळणारा बोल्ट जातो, ते मात्र नीट बघा. ते समांतर हवेत. वरची टोकं एकमेकांकडे झुकली असतील तर कोणीतरी बारीक पिलर घालून बोल्ट मरेस्तोवर आवळलाय. अशा फ्रेममध्ये पिलरवर कोरलेल्या आकड्यावरून नळीची जाडी ठरवू नका, कारण पिलरच चुकीचा आहे.

गंज, आणि अडकलेला पिलर

वरवरचा गंज घाबरवतो आणि आतला गंज लपून राहतो. क्रोमवर उठलेले तपकिरी ठिपके अॅल्युमिनियम फॉइलचा बोळा पाण्यात बुडवून घासले की बरेच निघतात; क्रोमला खड्डे पडले असतील तर ते राहतात. रंगाखाली फोड आले असतील, विशेषतः बॉटम ब्रॅकेटच्या (क्रँकचा एक्सल ज्यात फिरतो ती खालची आडवी नळी) आसपास आणि चेनस्टे नळ्यांच्या पोटाखाली, तर काळजी करा. सीटच्या फटीतून शिरलेलं पाणी खाली बॉटम ब्रॅकेटमध्ये साचतं आणि फ्रेम आतून खाते. पिलर काढल्यावर नळीत टॉर्च मारा. तांबूस धूळ चालेल, सुटणारे पापुद्रे चालणार नाहीत. मुंबईत किंवा कोकणात समुद्राच्या वाऱ्यावर राहिलेल्या सायकलीला ही तपासणी दोनदा करा.

आता नवख्यांच्या हमखास नजरेतून सुटणारी गोष्ट. अॅल्युमिनियमचा पिलर पोलादी नळीत वर्षानुवर्षं ग्रीसशिवाय राहिला की दोन धातूंमध्ये ओलाव्यातून गंजण्याची क्रिया सुरू होते. अॅल्युमिनियमवर जो पांढरा थर धरतो तो मूळ धातूपेक्षा जास्त जागा घेतो, आणि पिलर नळीत पाचर मारल्यासारखा बसतो. तो काढायला कधी आठवडाभर तेल मुरवावं लागतं, कधी पिलर आतून करवतीने कापून काढावा लागतो, आणि त्यात नळीला चीर पडू शकते. म्हणून विकत घेण्याआधी विकणाऱ्याला विचारून बोल्ट सैल करा आणि सीट धरून पिलर फिरवून बघा. ‘कालच तेल टाकलंय, निघेल’ असं उत्तर आलं तर तो निघत नाही असंच धरून चाला. सध्याची उंची तुम्हाला बरोबर असली तरी पिलर अडकलेला असेल तर भाव उतरलाच पाहिजे, कारण पुढे ही सायकल विकताना हीच अडचण तुमच्या गळ्यात येणार.

हँडलचा स्टेम, म्हणजे हँडल धरून चिमट्यात उतरणारा दांडा, तोही तसाच अडकतो. त्याचा वरचा लांब बोल्ट दोन-तीन फेरे सैल करा, डोक्यावर लाकडाचा तुकडा ठेवा आणि हलका ठोका मारा. आतली पाचर खाली सुटली की पुढचं चाक पायांत धरून हँडल फिरवा. फिरलं की झालं. स्टेमवर कोरलेली कमाल उंचीची रेष बाहेर दिसत असेल तर आधीच्या मालकाने तो धोकादायक उंचीवर चालवलाय. स्टेमला तडा आहे का ते बघा.

कोणत्या मापाचे आटे?

चांगली, सरळ, न गंजलेली फ्रेम हाती लागली तरी एका प्रश्नावर पाणी पडू शकतं: तिला सुटे भाग मिळतात का? बॉटम ब्रॅकेटच्या वाट्यांच्या आट्यांना त्या काळी देशागणिक वेगळं माप होतं.

इंग्लिश माप १.३७ इंच व्यास, इंचाला २४ आटे, नळीची रुंदी ६८ मिमी, आणि उजवी वाटी उलट्या आट्यांची. जपानी सायकली याच मापाच्या. आजही हे भाग सर्रास मिळतात. इटालियन माप ३६ मिमी, इंचाला २४ आटे, रुंदी ७० मिमी, दोन्हीकडे सुलटे आटे. भाग मिळतात, थोडे महाग. फ्रेंच माप ३५ मिमी, दर आट्याला १ मिमी, रुंदी ६८, दोन्हीकडे सुलटे. इथे शोधाशोध सुरू होते. स्विस माप फ्रेंचसारखंच, फक्त उजवीकडे उलटे आटे. याशिवाय रॅलेच्या नॉटिंगहॅमच्या साध्या सायकलींना इंचाला २६ आट्यांचं खास स्वतःचं माप होतं.

उजवीकडे उलटे आटे का, तर पायडल मारताना छर्‍यांमुळे वाटीवर उलट दिशेने ताण येतो आणि सुलट्या आट्यांची वाटी हळूहळू सैल होते. इटालियन आणि फ्रेंच सायकलींच्या उजव्या वाटीची ही जुनी खोड आहे. ओळखायला सोपं: नळीची रुंदी मोजा आणि वाटीच्या तोंडावर कोरलेले आकडे कापडाने पुसून वाचा.

फ्रेंच सायकलीत प्रकरण एवढ्यावर थांबत नाही. स्टेम २२.० मिमीचा, बाकीच्यांचा २२.२, नवा स्टेम दोन दशांशाने अडतो. पायडलचे आटे १४ मिमीचे, बाकीच्यांचे ९/१६ इंचाचे. फ्रेंच क्रँकमध्ये जोर लावून साधं पायडल घातलं की क्रँकचे आटे जातात, आणि असे बिघडलेले क्रँक बाजारात पुष्कळ आहेत. शिवाय सिम्प्लेक्सचे प्लास्टिकचे डिरेलर, जे कालांतराने ठिसूळ होऊन चिरतात. १९८० च्या आसपास फ्रेंच कारखाने हळूहळू इतरांच्या मापांकडे वळले. पहिलीच जुनी सायकल घेणाऱ्याला आमचा सल्ला स्पष्ट आहे: १९८० च्या दशकातली जपानी सायकल घ्या. मियाता, फुजी, पॅनासोनिक, निशिकी, सेंच्युरियन यांचं काम नेटकं, मापं सोपी, आणि नावाला इटालियन वलय नसल्यामुळे भाव त्याच दर्जाच्या इटालियन सायकलीपेक्षा बराच खाली. पीएक्स-१० ही अतिशय सुंदर सायकल आहे, पण ती दुसरी घ्या.

चाकं

जुन्या सायकलीला ‘२७ इंची’ चाक असू शकतं किंवा ७०० सी. टायर जिथे बसतो तो व्यास पहिल्याचा ६३० मिमी, दुसऱ्याचा ६२२. आपल्याकडच्या जुन्या काळ्या सायकलींचा २८ × १½ टायर ६३५ मिमीचा असतो. तीनही डोळ्यांना सारखेच दिसतात आणि एकमेकांवर बसत नाहीत. टायरच्या बाजूला छापलेलं माप वाचा. २७ इंचीला टायरची निवड फार कमी आहे, म्हणून लोक ७०० सी चाकं घालतात. रिमची कड त्यामुळे ४ मिमीने खाली येते, तेव्हा ब्रेकच्या खाचेत रबर ४ मिमी खाली सरकवायला जागा आहे का ते तिथेच उभ्या उभ्या बघून घ्या.

रिम पोलादी क्रोमची की अॅल्युमिनियमची, हे लोहचुंबकाने कळतं. पोलादी रिमवर पावसात ब्रेक लागतच नाही म्हटलं तरी चालेल. पुण्याच्या जुलै महिन्यात अशा रिमवर उतारावरून येणं हा जीवाशी खेळ आहे. रिम बदलण्याचा खर्च धरूनच भाव करा. अॅल्युमिनियम रिमच्या कडेला पोलादी पट्टी टेकवा. मधे खळगा दिसला तर रिम ब्रेकने झिजली आहे. रिमला कडाच नसून वरून नुसती खोलगट असेल तर ती चिकटवायच्या ट्यूब्युलर टायरची आहे; पंक्चर काढायला तो टायर उसवून पुन्हा शिवावा लागतो.

चाक फिरवून आऊट किती आहे ते बघा. थोडा आऊट कुठलाही सायकलवाला निपल आवळून काढतो. पण निपल गंजून स्पोकला धरले असतील तर नवे स्पोक आलेच. मागचा एक्सल हाताने हळू फिरवा. टोक गोल गोल डुलत असेल तर एक्सल वाकलाय. जुन्या फ्रीव्हीलच्या हबमध्ये उजवीकडचे छर्रे फ्रीव्हीलच्या मागे, ड्रॉपआउटपासून लांब असतात, त्यामुळे सगळा भार एक्सलच्या आधार नसलेल्या तुकड्यावर येतो आणि तो तिथेच वाकतो किंवा तुटतो.

ड्रॉपआउटमधलं आतलं अंतरही मोजून ठेवा: पाच गिअरच्या काळात १२० मिमी, सहा-सातच्या १२६, आठपासून पुढे १३०. १२६ च्या पोलादी फ्रेममध्ये १३० चं चाक हाताने थोडं फाकवून बसतं. चिकटवलेल्या अॅल्युमिनियम फ्रेममध्ये, उदाहरणार्थ व्हितुस ९७९, हा प्रयोग करायचा नाही.

बाकीचे भाग

चेन मोजायला पट्टी पुरते. नव्या चेनच्या बारा पूर्ण कड्या, म्हणजे पिनपासून पिनपर्यंत चोवीस अर्ध्या, बरोबर १२ इंच भरतात. १/१६ इंच जास्त भरली तर चेन बदलायची. १/८ जास्त भरली तर फ्रीव्हीलचे दातही गेलेत.

पुढचं चाक उचलून हँडल हळूहळू वळवा. सरळ दिशेला येताच खटकन अडखळत असेल तर हेडसेटच्या, म्हणजे चिमटा ज्यावर वळतो त्या बेअरिंगच्या, वाटीत छर्‍यांनी खड्डे पाडलेत. वाट्या बदलल्याशिवाय ते जात नाही. क्रँक धरून आडवे हलवा. डुलले तर बॉटम ब्रॅकेट सैल आहे किंवा झिजलाय. कॉटर पिनचे क्रँक आपल्या सायकलवाल्यांच्या हातचे आहेत, पण रेसिंग सायकलीत १९६० नंतर ते खालच्या दर्जाचं लक्षण.

अॅल्युमिनियमच्या क्रँकवर एक जागा कापडाने पुसून, टॉर्च लावून, नीट बघायची: क्रँकचा दांडा आणि दातेरी चकतीचे पाच हात जिथे मिळतात तो कोपरा. कंपान्योलो नुओवो रेकॉर्डचे क्रँक इथेच चिरतात. केसाएवढी रेष दिसते, ओरखड्यासारखी; नख अडकलं तर ती चीर समजा. असा क्रँक चालवताना तुटतो आणि पायडलवर उभा असलेला माणूस तोंडावर आपटतो.

भागांवरून वर्षही कळतं. शिमानोच्या भागांवर, बहुतेक मागच्या बाजूला, दोन इंग्रजी अक्षरं असतात: पहिलं वर्ष, दुसरं महिना. ‘ए’ म्हणजे १९७६, ‘बी’ १९७७, असं पुढे. म्हणून ‘केसी’ म्हणजे मार्च १९८६. नुओवो रेकॉर्ड डिरेलरवर ‘पेटंट’ या शब्दापुढे दोन आकडी वर्ष असतं. सगळे भाग एकाच दीड-दोन वर्षांतले निघाले तर सायकल मूळ अवस्थेत आहे. डिरेलर १९७४ चा, ब्रेक १९८८ चे, क्रँक तिसऱ्याच वर्षाचा, असं असेल तर ती वेगवेगळ्या सायकलींची जोडाजोड आहे. चालवायला हरकत नाही, संग्राहकाचा भाव मात्र मागू देऊ नका.

भाव कसा काढायचा

मागितलेल्या किमतींकडे बघू नका, झालेल्या विक्रीच्या बघा. लिलावाच्या संकेतस्थळांवर विकल्या गेलेल्या वस्तूंची यादी वेगळी दिसते. त्याच मॉडेलची, त्याच सुमाराच्या वर्षाची, चालू स्थितीतली सायकल कितीला गेली ते तीन-चार ठिकाणी शोधा आणि त्यातून दुरुस्ती वजा करा. समजा चालू सायकल ४०० पौंडांना जाते. समोरच्या सायकलीला टायर-ट्यूबची जोडी ५०, चेन आणि फ्रीव्हील ४०, केबल २०, ब्रेकची रबरं १५, हँडलची पट्टी १५, छर्रे आणि ग्रीस १० लागणार. १५० गेले, २५० उरले, आणि तुमची मेहनत अजून धरलेली नाही. पिलर अडकलेला असेल तर त्यातूनही खाली या. ‘फक्त हवा भरा आणि चालवा’ असं लिहिलेल्या जाहिरातीतही हा हिशोब करा, कारण पंधरा वर्षं गॅरेजमध्ये पडलेल्या सायकलीचं ग्रीस मेणासारखं घट्ट झालेलं असतं आणि टायरच्या कडा तडकलेल्या असतात.

मागणीचं एक ठोस कारण सांगण्यासारखं आहे. टस्कनीतल्या गायोले इन कियांती गावात १९९७ पासून ‘लेरोइका’ ही जुन्या सायकलींची सफर होते. तिथे १९८७ च्या आधीची सायकल लागते, गिअरचे दांडे तिरक्या नळीवर, पायडलला पट्ट्यांचे क्लिप, आणि ब्रेकच्या केबल हँडलच्या बाहेरून. या नियमांत बसणाऱ्या सायकलीला आणि तशाच सुट्या भागांना गिऱ्हाईक कायम असतं. त्याउलट १९९० नंतरची, ब्रेकच्या दांड्यातच गिअर असलेली पोलादी सायकल चालवायला जास्त सोयीची आणि बऱ्याचदा स्वस्त.

मूळ रंगाला, ओरखड्यांसकट, नव्या रंगापेक्षा जास्त किंमत असते. नव्या रंगाखाली वळ्या, पुटी आणि गंज झाकले जातात, आणि साध्या फ्रेमला नामवंत नाव चिकटवणंही तेव्हाच जमतं. कोल्नागोचं स्टिकर असेल तर लगवर पत्त्यांतल्या किलवरची कोरीव खूण शोधा. ती १९७० च्या मिलान-सान रेमो शर्यतीतल्या विजयानंतरची आहे, तेव्हा १९६८ ची म्हणून सांगितलेल्या फ्रेमवर ती दिसली तरीही गडबड.

आणि माप. पायांच्या आतल्या बाजूची उंची, अनवाणी, मांडीच्या सांध्यापासून जमिनीपर्यंत मोजा आणि ०.६५ ते ०.६७ ने गुणा. ८० सेंटिमीटर असेल तर ५२-५३ ची फ्रेम, बॉटम ब्रॅकेटच्या मध्यापासून वरच्या नळीच्या मध्यापर्यंत. नेदरलँड्समध्ये ५८ ते ६२ च्या फ्रेम स्वस्तात पडून असतात आणि आपल्यातल्या बहुतेकांना त्या मोठ्या होतात. स्वस्त मिळाली म्हणून मोठी घेतलेली सायकल अंगणात उभी राहते.

लांब जायचं असेल तर निघण्याआधी पाच फोटो मागवा: उजवा ड्रॉपआउट जवळून, बॉटम ब्रॅकेट खालून, हँडलच्या नळीमागे नळ्यांची पोटं, सीटचा लग मागून, आणि सीट पिलर बाहेर काढून शेजारी ठेवलेला. शेवटचा फोटो आला की निम्मं काम झालं. सायकल विमानाने आणणार असाल तर खोक्यात घालण्याआधी ड्रॉपआउटच्या आणि चिमट्याच्या मध्ये त्या मापाचा लाकडी तुकडा किंवा जुना एक्सल आवळा, नाहीतर दाबाखाली नळ्या आत चेपतात. डावं पायडल उलट्या आट्यांचं असतं, ते घड्याळाच्या दिशेने फिरवून निघतं.

पैसे देण्याआधी फ्रेमचा नंबर टिपून घ्या. तो बहुधा बॉटम ब्रॅकेटच्या खाली ठोकलेला असतो. काही इटालियन फ्रेमवर नंबर नसतोच, नुसतं माप असतं. ब्रिटनमध्ये बाइकरजिस्टर आणि अमेरिकेत बाइक इंडेक्सवर तो नंबर चोरीच्या यादीत आहे का ते मोबाइलवर दोन मिनिटांत दिसतं. नंबर घासून काढलेला असेल तर सायकल कितीही चांगली असली तरी ती तिथेच ठेवा.